गुलाबी निगेटिव्ह

माझ्या चेहऱ्यावर देवीचे व्रण आहेत, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कळलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं, हा माझा अनुभव आहे. कपाळावर कमी, गालांवर जास्त, आणि चांगले खोल. लहानपणी देवी आल्या, त्यात धाकटा भाऊ गेला आणि मी राहिले. आई म्हणायची, जीव वाचला हेच खूप झालं. खरंच आहे ते. पण मुलीचं लग्न जमवायला बसलं की या वाक्याचा कुणालाच काही उपयोग होत नाही.

आणि अशी मी पोटापाण्याला काय करत होते, तर लोकांच्या चेहऱ्यांवरचे व्रण पुसत होते. हसू नका, खरं सांगते. गिरगावात ट्रामच्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ होता, तिथे मी रिटचिंगला होते. आता कुणाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. तेव्हा फोटो काढला की तो तसाच कधी छापत नसत. आधी निगेटिव्ह माझ्याकडे यायची. मागच्या खोलीत खिडकीशी एक उतरतं मेज होतं, त्यात दुधी काच बसवलेली, काचेखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून काचेत यायचा आणि निगेटिव्हमधून वर यायचा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. माणसाच्या गालावरचा खड्डा फोटोत काळा दिसतो, पण निगेटिव्हमध्ये तो पांढरा, मोकळा ठिपका असतो. सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं तो ठिपका हळूहळू भरायचा. भरला की खड्डा गेला. लग्नाच्या किती मुलींना मी नितळ करून दिलं, काही विचारू नका.

त्यांचं तेवढ्यापुरतं भागत असे. मुलगी बघायला लोक आले की खरा चेहरा दिसायचाच, पण फोटोमुळे निदान येत तरी. त्या काळात दाखवायचा फोटो म्हणजे पेन्सिल लावलेलाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे ठाऊक नसल्यासारखं वागत.

माझाही फोटो मीच दुरुस्त करायचे. आई गेल्यावर घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबा कारकून, बोलायला मऊ, माणूस सरळ, पण माझ्या लग्नाचा विषय निघाला की काय करावं ते सुचायचं नाही त्यांना. चाळीत समोरच्या खोलीत एक काकू राहायच्या, त्यांनी स्थळं आणायची जबाबदारी आपण होऊन घेतली होती. फोटो जायचा, पाहुणे यायचे, पोहे खायचे, एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचे. मग चार दिवसांनी फोटो परत यायचा, ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून. नकार द्यायचा तर फोटो परत करायचा, ही रीत होती. ती मात्र सगळे अगदी इमानानं पाळत.

शेवटी एकदा एक बाई आल्या. पोह्यांची बशी मी त्यांच्या हातात दिली, तर त्या माझ्या मागे दाराकडे बघत काकूंना म्हणाल्या, “आणि मुलगी कुठे आहे?” त्यांना वाटलं मी थोरली बहीण. मीच म्हटलं, “मीच मुलगी. फोटो पण मीच केलाय.” बाबांनी मान खाली घातली. ते लोक गेल्यावर मी कानाला खडा लावला. म्हटलं, यापुढे माझ्या फोटोला पेन्सिल लागणार नाही. ज्याला यायचं त्यानं बघून यावं.

बाबा म्हणाले, “मग कुणी येणारच नाही गं.”

“मग पोहे वाचतील,” मी म्हटलं.

बोलून गेले खरी, पण त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. मला लग्न हवं होतं, उगीच नाही कशाला म्हणू? दिवसभर खिडकीशी बसून दुसऱ्यांचे चेहरे बघायचे, घरी येऊन बाबांना वाढायचं आणि त्यांच्या वर्तमानपत्राच्या मागच्या बाजूकडे बघत जेवायचं. माझ्याकडे सरळ बघणारं माणूसच नव्हतं कुणी. बाबासुद्धा बोलताना माझ्या खांद्याकडे बघायचे.

स्टुडिओच्या मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. मनानं चांगले, हातानं चिकट. एकच चहापत्ती परत परत उकळणारा माणूस. हायपोचंही तसंच. हायपो म्हणजे ज्या पाण्यात फिल्म पक्की होते ते. ते किती फिल्मांनंतर फेकायचं हे डब्यावर छापलेलं असे, आणि अण्णांना ती कंपनीची लबाडी वाटे. मी त्यांना म्हटलं, माझा फोटो काढा, पण उजेड बाजूनं पडू द्या. बाजूनं उजेड पडला की खड्डे उठून दिसतात. देवीचे व्रण असलेलं गिऱ्हाईक आलं की अण्णा त्याला थोडं तिरकं बसवायचे, उजेड समोरून, मऊ. माझी मागणी ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. “तुला लग्न मोडायचंय की जमवायचंय?” म्हणाले. तरी काढला. मी सरळ भिंगात बघत बसले. मान तिरकी नाही, डोळे खाली नाहीत.

ते चळवळीचे दिवस होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे रस्त्यावर, जिन्यात, पाण्याच्या नळावर, जिथे तिथे ऐकू येई. कधी हरताळ, कधी कर्फ्यू. माझी फिल्म अण्णा धुवायला बसले त्या दुपारी नळाला पाणी नव्हतं, आणि औषधांची दुकानं बंद असल्यामुळे नवा हायपोही नव्हता. एरवीही आणला नसता म्हणा. डेव्हलपरमधून, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या औषधातून, काढलेली फिल्म पाण्यात खंगाळून मग हायपोत टाकायची असते. अण्णांनी न खंगाळताच त्या मेलेल्या हायपोत टाकली. तेवढ्यात रस्त्यावर पळापळ सुरू झाली, अश्रुधुरानं डोळे झोंबायला लागले, कुणीतरी ओरडलं, शटर ओढा. अण्णा धावत बाहेर गेले. आम्ही दोघं आतून कडी लावून बसलो, तोंडाला पदर नाहीतर धोतराचं टोक धरून. फिल्म आत बशीत पडून राहिली, कितीतरी वेळ.

काढली तेव्हा ती गुलाबी झाली होती.

खिडकीशी धरून मी आरपार बघितलं तर माझा चेहरा गुलाबी, कोकमाच्या सरबतासारखा. फिल्म कलती करून वरून बघितलं तर तोच चेहरा हिरवट, मोराच्या गळ्यासारखा चमकणारा. मला वाटलं, संपलं सगळं. पण अण्णा खूश. त्यांनी असं पूर्वी एकदा बघितलं होतं म्हणे. “ही चांदीच आहे,” म्हणाले. निगेटिव्हवर जे काळं दिसतं तेही चांदीचे कणच असतात, जिलेटीनच्या पातळ थरात अडकलेले. पण ते जाड. जाड कण उजेड अडवतो म्हणून काळा दिसतो. हायपो दमलेला असला की जी चांदी पाण्यात निघून जायची ती नीट जात नाही. परत फिल्मवर येऊन बसते, आणि इतकी बारीक होऊन बसते की कण म्हणून दिसतच नाही. असा बारीक कण उजेडाला नुसता अडवत नाही. एखादा रंग गिळतो, एखादा उधळतो. म्हणून आरपार गुलाबी आणि वरून हिरवं. चांदी तीच, फक्त कणाचा आकार बदलला.

परवा वर्तमानपत्रात वाचलं की आता याचंच मोठं शास्त्र झालंय. प्लास्टिकच्या पापुद्र्यावर धातूचे अतिसूक्ष्म कण बसवतात, नॅनो की काय म्हणतात, आणि कण केवढा ठेवला त्यावर रंग कुठला दिसेल, उजेड किती पार जाईल, हे ठरवतात. त्याला प्रयोगशाळा लागते, यंत्रं लागतात. वाचून मला हसूच आलं. अण्णांनी ते कंजुषीनं करून दाखवलं होतं.

पण तेव्हा मला हसू आलं नाही. ती बारीक चांदी बसली कुठे, तर फिल्मवर जिथे मोकळी जागा होती तिथे सर्वांत जास्त. म्हणजे गालांवरच्या ठिपक्यांत. जे मी पेन्सिलीनं भरायचे ते तिनं भरून टाकलं होतं. मी मेजाशी बसून काचेवर बघितलं. एक खड्डा शिल्लक नव्हता.

“परत काढू,” मी म्हटलं.

“काढू गं, फिल्म येऊ दे बाजारात,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कर्फ्यूमुळे मला जाता आलं नाही. बाबा मधे तासभर सूट मिळाली तेव्हा भाजीला म्हणून बाहेर पडले आणि स्टुडिओत डोकावले. अण्णांनी त्या निगेटिव्हवरून एक प्रत छापून ठेवली होती, ती बाबांच्या हातात दिली. “पेन्सिल नाही लावलेली हो, देवाशपथ,” असंही सांगितलं. बाबांनी तो फोटो काकूंना दिला. काकूंनी परळच्या एका स्थळाकडे पोचवला. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

मी जे काही बोलले बाबांना, ते आठवलं तर आजही कान गरम होतात. शेवटी म्हटलं, त्यांना जाऊन सांगा. आत्ता. मुलीच्या चेहऱ्यावर व्रण आहेत, फोटोत दिसत नाहीत, यायचं तर या. बाबा म्हणाले, “सांगतो.” दोन दिवसांनी मी विचारलं, सांगितलंत? म्हणाले, “सांगितलं. तरी येतायत.”

तरी येतायत! मी आरशासमोर उभी राहिले. आई गेल्यापासून त्या आरशात मी फक्त भांग बघत असे. त्या दिवशी सगळा चेहरा बघितला आणि म्हटलं, बाई गं, तुला कुणीतरी बघून येतंय.

तो आणि त्याची आत्या असे दोघं आले. तो परळला एका मिलच्या हपिसात होता. उंच, थोडा वाकून चालणारा, हातात टोपी. मी निर्धास्त बाहेर आले. पदर ओढून घेतला नाही, उजेडाकडे पाठ केली नाही. सरळ त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला कुणी काहीही सांगितलेलं नाही.

आत्या तर बोलल्याच. “फोटोत असलं काही दिसलं नाही हो.”

बाबा म्हणाले, “उजेड तसा पडला असेल.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण बाबांकडे बघितलं तर ते माझ्या खांद्याकडे बघत होते. त्यांना तोंडघशी पाडलं नाही मी. तेवढं मात्र झालं नाही माझ्याच्यानं.

तो हळू आवाजात म्हणाला, “व्रणांचं मला काही नाही. माझ्या आईला होते. पण हे असं लपवणं बरं नाही.”

एवढ्या स्थळांमध्ये हा पहिला माणूस, ज्याला व्रणांचं काही नव्हतं. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा काही लपवलेलं नसताना मला तो लबाड समजत होता. आत जाऊन निगेटिव्ह घेऊन आले. आदल्याच आठवड्यात ती मी अण्णांकडून मागून घेतली होती, परत कुणी छापू नये म्हणून.

“ही बघा,” म्हटलं. “पेन्सिल असली तर कलती धरल्यावर चकाकते. कुठे दिसत्ये का बघा.”

तो खिडकीशी गेला. आरपार बघितलं, मग कलती केली. हिरवा रंग त्याच्या बोटांवर पडल्यासारखा वाटला मला. पुन्हा आरपार धरली. आत्या म्हणाल्या, चल रे. तो हलला नाही. “हे कशानं झालं?” त्यानं विचारलं. मी सांगितलं, अण्णांनी सांगितलं होतं तसं, बारीक चांदी, जाड चांदी, सगळं. त्यानं मधे दोन-तीन प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. आमच्या खोलीत माझ्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं.

“मग ही वरची चांदी काढता येते?”

“येते. तांबड्या खड्यांचं एक औषध असतं, ते हायपोत मिसळून फिल्म त्यात धरायची. बारीक कण आधी विरघळतात, जाड मागून. मधल्या वेळात फिल्म बाहेर काढायची. उशीर झाला तर चेहरापण जातो.”

“आणि काढली तर व्रण दिसतील?”

“सगळे दिसतील. रविवारी स्टुडिओत या. तुमच्यासमोर काढते.”

त्यानं निगेटिव्ह माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “येतो.” आत्या जिना उतरत होत्या. त्यानं वळून पुन्हा सांगितलं, “रविवारी येतो.”

रविवारी हरताळ पडला. ट्रामा बंद, गाड्या बंद. अण्णा म्हणाले, आज कोण येतंय? तरी त्यांनी स्टुडिओचं एक दार अर्धं उघडं ठेवलं. मी ताजा हायपो केला, या वेळी पुरेपूर पावडर घालून, आणि अण्णांनी हूं का चूं केलं नाही. तांबडे खडे पाण्यात विरघळवले. ते औषध हायपोत मिसळलं की लिंबाच्या रंगाचं होतं, पण टिकत नाही. थोड्याच वेळात फिकट पडतं आणि मरतं. म्हणून त्याची पावलं वाजली की मग मिसळायचं, असं मी ठरवलं होतं. एकदा दाराशी पावलं वाजली, मी मिसळलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ होते. पिवळं पाणी फिकट होत गेलं, मी ओतून टाकलं. पुन्हा पावलं वाजली, पुन्हा मिसळलं.

दुपारी मोर्चा आला. आवाज लांबून यायला लागला होता. मी अर्ध्या दारात उभी राहिले. लालबागहून, परळहून, भायखळ्याहून लोक चालत आले होते, बायका पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या. ‘परळ’ लिहिलेला फलक माझ्या डोळ्यांसमोरून गेला. मी एकेक चेहरा बघत होते. उंच माणूस दिसला की मी एक पाऊल पुढे व्हायचे. अख्खं परळ त्या दिवशी गिरगावात चालत आलं, आणि मी वाट बघत होते तो एक माणूस तेवढा आला नाही.

संध्याकाळी अण्णांनी दार लावलं. म्हणाले, “गाड्या नव्हत्या ना गं.”

“नव्हत्या,” मी म्हटलं.

त्याच्या पुढच्या रविवारी गाड्या होत्या. तरी मी जाऊन बसले.

त्यांचा नकार आला नाही. काकूंनी दोनदा निरोप धाडला, उत्तर नाही. आणि फोटो परत आला नाही. हेच मला कळेना. नकार असेल तर फोटो परत येतो. आजवर प्रत्येकानं परत केला होता. मी बाबांना रोज विचारायचे, फोटो आला का? बाबांना वाटायचं, नकाराची मला घाई झालीय. फोटो यायची वाट बघत्ये की न येण्याची, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. पुढे राज्य झालं, मुंबई मिळाली, रस्त्यावर रोषणाई झाली. काकू म्हणाल्या, “मुंबई मिळाली, आता तुलाही मिळेल हो कुणीतरी.” मी हसले. पेढे छान होते.

कुणी मिळालं नाही. म्हणजे मी नंतर कुणाला बघूच दिलं नाही. बाबा गेले. जायच्या आधी एकदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, “मी सांगितलं नव्हतं गं त्यांना.” मी म्हटलं, “ठाऊक आहे. दूध घ्या.”

ती निगेटिव्ह मी कधी धुतली नाही. धुवायची ती त्याच्यासमोर, नाहीतर कुणासाठी? बटरपेपरात घालून ट्रंकेत तळाशी ठेवून दिली होती. अधूनमधून काढून खिडकीशी धरायचे. गुलाबी, मग हिरवी, मग परत ठेवून द्यायचे. असं करता करता केस पांढरे झाले.

अण्णा गेल्यावर स्टुडिओ विकायचा ठरला. डार्करूम मीच आवरली, दुसरं होतं कोण! कपाटात तांबड्या खड्यांची बाटली निघाली, बूच घट्ट बसलेलं. मी घरी जाऊन निगेटिव्ह घेऊन आले. हायपो केला. औषध मिसळलं, लिंबाच्या रंगाचं झालं. फिल्म बशीत सोडली आणि बशी हलवत राहिले, डोळे मिटायचीही भीती वाटत होती. आधी कडेचा गुलाबी रंग गेला, मग कपाळावरचा. मग गालावर एक ठिपका मोकळा झाला, त्याच्या शेजारी दुसरा. मी एकेक ओळखत होते. हा कानाजवळचा. हा ओठाच्या वरचा. सगळे आले तशी मी फिल्म उचलली आणि नळाखाली धरली. त्या दिवशी नळाला पाणी होतं.

फिल्म वाळली तशी तिच्यावरून प्रत छापायला घेतली. ती लाल दिव्याखाली औषधात उमटत आली तेव्हा बशीतून एक मुलगी माझ्याकडे सरळ बघत होती. चेहरा खड्ड्यांनी भरलेला, मान ताठ. अगदी वाईट दिसत नव्हती हो. मला तिचा राग आला नाही, कीवही आली नाही. फक्त एकटं वाटलं, इतकं की मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले.

परळला कुठेतरी, कुणाच्या तरी पेटीत, एका नितळ चेहऱ्याच्या मुलीचा फोटो अजून असेल. त्यानं तो का ठेवला, मला ठाऊक नाही. पण ती मी नव्हे. हा जो फोटो आहे, तो त्याला दाखवायचा होता. अजून कुणी बघितलेला नाही.